कप्पा मोकळा करा

मोठ्या बाईंना रंगीत बेडूक हवे होते. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. वाचनालयात आलेल्या एका परदेशी मासिकात त्यांनी फोटो पाहिला होता. दक्षिण अमेरिकेच्या जंगलातले नखाएवढे बेडूक, कुणी निळा, कुणी लालभडक, कुणी पिवळ्यावर काळे पट्टे असलेला. काचेच्या पेटीत झाडं, शेवाळ, आणि त्यात ही मंडळी ऐटीत बसलेली. तपासणीला साहेब येतील तेव्हा विज्ञानाच्या खोलीत अगदी असंच काहीतरी पाहिजे, असं त्यांनी मला बोलावून सांगितलं.

"बाई, ते विषारी असतात. तिथले लोक त्यांचं विष बाणाला लावतात," मी म्हटलं.

"मग बिनविषारी रंगीत आणा," त्या म्हणाल्या आणि चष्मा लावून पुढच्या कामाला लागल्या.

सोलापुरात बिनविषारी रंगीत बेडूक कुठून आणायचे, हे विचारायची सोय नव्हती. मी त्या शाळेत विज्ञानाची तात्पुरती शिक्षिका होते. तपासणी चांगली झाली तर कायम करू, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि घरी अण्णांनी त्याहून स्पष्ट सांगितलं होतं. माझे वडील एस.टी.त कंट्रोलर होते, नुकतेच निवृत्त झालेले. सगळा जन्म गाड्या वेळेवर सोडण्यात गेलेला, त्यामुळे मुलीचं लग्नही त्यांना वेळापत्रकात बसवायचं होतं. आई मी लहान असतानाच गेली, तेव्हा मध्ये पडणारं कुणी नव्हतं. अकलूजचं एक स्थळ आलं होतं. डेअरीवाले, घरी ऊस, कॅनॉलचं पाणी, आणि मुलीने नोकरी करायची नाही ही एकच अट. अण्णा म्हणाले, "तपासणीपर्यंत नोकरी कायम झाली तर मी त्यांना नाही म्हणून कळवतो. नाही झाली तर त्या रविवारी ते बघायला येतील. मग तू नाही म्हणायचं नाहीस." मी म्हटलं, ठीक आहे. अण्णा दिलेला शब्द पाळायचे, म्हणून मलाही पाळावा लागणार होता.

म्हणजे माझं सगळं येऊन ठेपलं बेडकांवर. हसू नका, मला तेव्हा अजिबात हसू येत नव्हतं.

पेटीची सोय लवकर झाली. आमच्या भवानी पेठेतल्या एका फरसाणवाल्याने दुकानातलं जुनं काचेचं कपाट टाकायला काढलं होतं. खाली एक मोठा कप्पा, वर एक छोटा. खालच्या कप्प्याला मी वरून तारेची जाळी बसवली, तळाशी विटांचे तुकडे, वर कोळसा, त्यावर माती घातली, आणि विहिरीच्या कडेचे नेचे नि शेवाळ आणून लावलं. वरच्या कप्प्यात माझ्या बरण्या, काचपट्ट्या, भिंग असं सामान. कपाट शाळेत ठेवलं असतं तर रविवारी पाणी कोण घालणार, म्हणून ते आमच्या घराच्या पडवीत ठेवलं. शेवाळ ओलं ठेवायला फवारा हवा होता. डास मारायचा फ्लिटचा पंप होता, पण त्यात औषधाचा अंश राहतो नि बेडूक मरतात. शेवटी आईच्या सामानातली गुलाबदाणी काढली. लग्नात पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडतात ती.

मग बेडूक. जूनमध्ये दोन-चार सरी चांगल्या झाल्या होत्या. कुंभारीच्या बाजूला एका मळ्यातल्या विहिरीवर मी बरणी आणि ओलं फडकं घेऊन जायची. पहिल्या वेळी हौसेने जे दिसलं ते उचललं. एक चांगला जाडजूड हिरवा, पाठीवर पिवळी रेघ, आणि बरोबर काही लहान. सकाळी बघते तर जाडजूड तेवढा एकटा बसलेला, आणि त्याच्या तोंडातून कुणाचा तरी पाय लोंबत होता. मेला खादाड. त्याला परत नेऊन सोडला. मग न्हाणीघरातल्या भिंतीवर बसतो तो पिवळट, लांब बोटांचा. दिसायला देखणा, काचेला चिकटून बसायचा, पण जाळीला कुठून फट आहे हे त्याला माझ्याआधी कळलं, आणि तो अण्णांच्या दाढीच्या वाटीत सापडला. अण्णा त्या दिवशी अर्धी दाढी करून बाहेर आले. त्यानंतर अंगावर पुळ्या असलेला एक आणला, त्याने रात्रीत सगळे नेचे उपटून ठेवले.

अशा फजितीतून मला कळत गेलं की पेटीत काय ठेवावं. लहानच जात घ्यावी, आणि सगळे एका मापाचे घ्यावेत, म्हणजे कुणी कुणाला गिळत नाही. फार उड्या मारणारा नको, काच चढणारा नको. जो मिळेल तेच खाईल असा हवा. अशी एक जात तिथेच होती, मी इतके दिवस तिच्याकडे बघितलंच नव्हतं. अंगठ्याच्या नखाएवढ्या बेडकुळ्या, विहिरीच्या कडेच्या पालापाचोळ्यात राहणाऱ्या. रंग मातीचा, पण पाठीवर गडद नक्षी, काठाच्या लुगड्यावर असते तशी. मुंग्या खाऊन राहायच्या. गुळाचा खडा कागदावर ठेवला की मुंग्या जमायच्या, तो कागद पेटीत झटकला की झालं. मी ओल्या हातांनी त्या एकेक उचलून आणल्या. बेडकाला कोरडा हात कधी लावायचा नाही, तो कातडीतून श्वास घेतो, हे मी वर्गात घसा कोरडा होईपर्यंत सांगायची आणि मुली पेंगायच्या.

मोठ्या बाई घरी येऊन बघून गेल्या. पेटीला नाक लावून म्हणाल्या, "छान आहेत. पण रंगीत नाहीत."

"बाई, नक्षी बघा ना पाठीवर."

"साहेबांना चष्मा आहे," बाई म्हणाल्या. "लांबून दिसायला हवं."

तरीही त्या नाही म्हणाल्या नाहीत, आणि मला जरा धीर आला. तो फार टिकला नाही, कारण पाऊस गायब झाला.

जुलै कोरडा चालला होता. मोठ्या दुष्काळाला फार वर्षं झाली नव्हती आणि लोकांच्या मनातली धास्ती तशीच होती. नळाला दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढं. गल्लीतल्या बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या, आणि समोर पडवीत मी गुलाबदाणीने बेडकांवर पाणी शिंपडतेय. कसं दिसत असेल ते माझं मला कळत होतं. मी आमच्या वाट्याच्या पिण्याच्या पाण्यातून घालत होते, पण हे कुणाकुणाला सांगणार?

शेजारी अक्का राहायच्या. विणकर तेलुगू घरातल्या, नवरा मागावर, स्वतः दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. आमची बदलीची घरं, आम्ही सोलापुरात नवीनच आलेलो, आणि आल्या दिवसापासून ह्या बाईने मला आईसारखं सांभाळलं होतं. पण त्यांच्या हातांची मला भीती. तंबाखूचा हात बेडकाला लागला तर बेडूक मरतोच. म्हणून मी त्यांना पेटीजवळ येऊ द्यायची नाही, आणि त्यांना ते लागायचं.

एका सकाळी अक्का आणि गल्लीतल्या दोघीतिघी बायका पडवीशी येऊन उभ्या राहिल्या. मुसळाला कडुनिंबाचा पाला बांधलेला होता.

"तुझ्यातली एक कप्पतल्ली दे," अक्का म्हणाल्या. "ओल्या फडक्यात बांधून घरोघर नेणार. सगळे पाणी घालणार. मग पाऊस येते."

कप्पतल्ली हे मला एखाद्या देवीचं नाव वाटलं, बेडकाच्या रूपातली देवी. मी म्हटलं, "अक्का, ह्यांना हात नाही लावायचा. तपासणी झाली की सगळ्या घेऊन जा."

"तोपर्यंत पाऊस?"

"पाऊस काय माझ्या हातात आहे?"

अक्कांच्या मागची एक बाई पुढे झाली. "तू काचेत कोंडून ठेवलीस, मग ती वरडंल कशी? ती वरडली न्हाय तर पाऊस कुठनं यायचा?" म्हणाली. "तुजी पेटी आली आन् पाऊस गेला की."

मी तोंडाची फटकळ. म्हटलं, "माझी पेटी यायच्या आधी दर आठवड्याला पडत होता वाटतं." बोलून गेले आणि लगेच कळलं की हे नको होतं. त्या बायका मुसळ उचलून गेल्या. दुपारी पेटीच्या काचेवर चुन्याची फुली काढलेली दिसली. दुसऱ्या दिवशी एक खडा येऊन पडवीच्या खांबावर लागला. कुणी मारला ते दिसलं नाही.

तेव्हापासून माझं लक्ष कशातच लागेना. शाळेत शिकवताना कान घराकडे. घरी आले की आधी पडवीत धाव, काच आहे की फुटली ते बघायला. अण्णा म्हणाले, "एवढं आहे तर पेटी आत घे." पण आत उकाडा, बेडकुळ्या उकाड्याने मेल्या असत्या. मी काचेवर ओलं पोतं टाकायची आणि पडवीतच वह्या तपासत बसायची. अक्का समोर विड्या वळत बसायच्या. आमचं बोलणं कमी झालं होतं, पण त्या रोज दुपारी माझी पेटी राखत बसतात, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. दुसरी बाई जवळ आली की त्या तेलुगूत काहीतरी बोलून तिला पिटाळायच्या. मला त्याचं बरं वाटलं, आणि वाईटही.

तपासणीचा दिवस उजाडला. मला लवकर जाऊन खोली लावायची होती. हातगाडीवाला पेटी घेऊन मागून येणार होता. वरच्या कप्प्यातल्या बरण्या काढायला मला वेळच मिळाला नाही, आणि गाडीच्या हिसक्याने त्या फुटून काचा खाली बेडकांत पडल्या तर संपलंच. अण्णा देवपूजेला बसलेले. अक्का नुकत्या न्हाऊन दारात उभ्या होत्या.

मी पायात चपला सरकवत म्हटलं, "अक्का, गाडीवाला येईल. त्याच्या आधी तेवढा कप्पा मोकळा करून ठेवा."

अक्का चमकल्या. "कप्पा मोकळा?"

"हो. विसरू नका."

"खरंच करू?"

"खरंच म्हणजे काय? करा म्हणते ना. माझ्या जिवाला घोर आहे त्याचा."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं चुलीचा धूर. "चांगलं पोरगी हाय," असं काहीतरी पुटपुटल्या, मी ऐकायला थांबले नाही.

गाडी आली तेव्हा साहेब मोठ्या बाईंच्या खोलीत चहा घेत होते. चार जणांनी पेटी उचलून टेबलावर ठेवली. वरच्या कप्प्यात माझ्या बरण्या तशाच, कागदाचा बोळाही न लावता, एक आडवी झालेली. मी चिडले. एवढं सांगून अक्कांनी काही केलं नाही म्हणजे कमाल झाली. गाडीवाल्याला विचारलं, "त्या शेजारच्या बाईंना सांगितलं होतं मी."

"केलंय की त्यांनी," गाडीवाला म्हणाला. "सांगायला सांगितलंय तुमाला. कप्पा मोकळा केला. हळद-कुंकू लावून, पाया पडून केला म्हनं."

कप्प्याला हळद-कुंकू कशाला? मी तशीच उभी राहिले. कप्पतल्ली. तल्ली म्हणजे आई, एवढं त्या गल्लीत राहून मला कळत होतं. मग उरलं काय? कप्प. तेलुगूत कप्प म्हणजे बेडूक. बेडूक मोकळा करा, असं मी माझ्या तोंडाने, दोन-दोनदा, घाई करकरून सांगितलं होतं.

खालची जाळी नीट बांधलेली होती. आत नेचे, शेवाळ, माती. हालचाल नाही. मी पान न् पान बाजूला करून बघत होते आणि डोळ्यांसमोर अकलूज दिसत होतं, ऊस, कॅनॉल, आणि दारात बसलेली मी. रडू येत होतं आणि राग येत होता, आणि राग कुणावर काढावा तेच समजत नव्हतं.

मग विटेच्या तुकड्याआड एक दिसली. बाकीच्या गेल्या, पूजेला धरलेली ही मात्र हातातून निसटून परत आत लपली असणार. अक्कांनी तिच्या पाठीवर हळद माखली होती, वर कुंकवाचं बोट. पिवळीधमक, मध्ये लालभडक. मासिकातल्या फोटोतली म्हटली असती तरी चाललं असतं.

पाठीमागून मोठ्या बाई साहेबांना घेऊन आल्या. मागोमाग माझ्या वर्गातल्या मुली. बाई पेटीत वाकल्या आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मिळाला की हो रंगीत," त्या म्हणाल्या. "बघा साहेब, आमच्या बाईंनी कुठून मिळवला."

साहेबांनी चष्मा सारखा केला. "सुंदर आहे. ही जात कुठली?"

नाव काय, कुठलंही सांगता आलं असतं. साहेब कुठे पुस्तक उघडून बघणार होते? एक लॅटिन वाटणारा शब्द, आणि मी कायम. मी तोंड उघडलं सुद्धा. पण माझी नजर त्या बेडकुळीवर होती. तिचा गळा जोरात उडत होता, पाय पोटाखाली घेतले नव्हते, अंग सैल पडत चाललं होतं. हळद आणि कुंकू तिच्या पाठीवर सुकत होतं. ती त्याच पाठीने श्वास घेत होती. साहेबांचं बघणं संपेपर्यंत ती राहिली नसती.

मी कोपऱ्यातल्या माठातून हात ओले केले, जाळी सोडली आणि तिला उचललं.

"अहो बाई, हात कशाला लावता?" मोठ्या बाई म्हणाल्या.

मी तिला तळहातावर घेऊन माठाच्या पाण्याची धार हळूहळू सोडली. बोटांमधून पिवळं पाणी गेलं, मग लाल. मोठ्या बाई कळवळून म्हणाल्या, "अहो, रंग जातोय त्याचा."

"तो त्याचा नाहीच, बाई. हळद-कुंकू आहे," मी म्हटलं, आणि हातातलं काम न थांबवता सगळं सांगितलं. पाऊस, मुसळ, अक्का, कप्पा, सगळं. माझा आवाज चढला होता, मला तो आवरत नव्हता. "बाकीच्या बेडकुळ्या मोकळ्या झाल्या साहेब. ही एकच आहे. आणि ही रंगीत नाही, मातीच्या रंगाची आहे. पण हिचं अंग असं झाकलं तर ही गुदमरून मरते."

साहेबांनी मुलींकडे वळून विचारलं, "का मरते?"

मला वाटलं, संपलं. ह्या मुली वर्गात पेंगणाऱ्या. पण मागच्या बाकावरची, कधी तोंड न उघडणारी एक मुलगी माझ्या हाताकडे बघत म्हणाली, "ती कातडीनं श्वास घेते. म्हणून बाईंनी हात आधी ओले केले."

साहेबांनी मान हलवली आणि पुढच्या वर्गाकडे गेले. मोठ्या बाई माझ्याकडे न बघता त्यांच्या मागे गेल्या. बेडकुळी माझ्या तळहातावर बसून होती. थोड्या वेळाने तिने पाय पोटाखाली ओढून घेतले. मी तिला शेवाळावर ठेवलं, आणि शाळा सुटेपर्यंत काय शिकवलं ते मला आठवत नाही.

सुटताना मोठ्या बाईंनी बोलावलं. त्यांचा चेहरा ताठ होता. म्हणाल्या, "साहेब सांगून गेलेत, ह्या बाईंना सोडू नका. उद्यापासून तुम्ही कायम." मग जरा थांबून, "पण रंगीतचं पुढच्या वर्षी बघा."

घरी अण्णांनी रविवारसाठी कोट काढून खुर्चीवर टाकला होता. मी सांगितलं. त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, "कायम?" मी हो म्हटलं. ते उठले, कोटाची घडी घातली, ट्रंकेत ठेवला आणि कडी लावली. "बरं. मग कळवतो त्यांना," म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं की बरं, हे मला तेव्हाही कळलं नाही.

अक्का पडवीच्या पायरीवर बसून होत्या. गाडीवाल्याने त्यांना सगळं सांगितलं होतं. दिवसभर त्यांनी सुपाला हात लावला नव्हता, पोटात अन्न नव्हतं. मी दिवसभर त्यांना काय काय सुनवायचं ते मनात जुळवलं होतं, ते सगळं विसरून गेले.

"तुझं काम गेलं?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "नाही अक्का. कप्प मोकळी झाली."

त्यांनी हातगाडीवरून परत आलेल्या पेटीत बघितलं. बेडकुळी नेच्याखाली बसलेली, मातीच्या रंगाची, स्वच्छ. "कुठं मोकळी? ही तर आत हाय."

"ही नाही. दुसरी," मी माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं.

मग उठून हंड्यातलं पाणी घेऊन त्यांनी हात चोळून चोळून धुतले, माझ्याजवळ आल्या, माझ्या चेहऱ्यावरून ते ओले हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.